जुने भयपट पाहून भीती वाटत नाही, तर काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही आणि तुमचे तीन मित्र दर शनिवारी रात्री जुने, गाजलेले भयपट बघायचं ठरवून बसलात. पहिल्या शनिवारी १९२२चा 'नोस्फेराटू' झाला, दुसऱ्या शनिवारी १९३१चा 'ड्रॅक्युला'. दोन्ही फुकट मिळाले तसे लॅपटॉपवर पाहिलेत. एक मित्र झोपला, एक हसत सुटला. तुम्हाला प्रश्न पडला की जगभरचे चाहते ज्याच्यावर जीव टाकतात ते आपल्याला का दिसत नाही. आता पुढे बघायचं की सोडून द्यायचं? बघायचं तर कोणत्या क्रमाने? आणि आईला भुताखेतांचे सिनेमे आवडत नाहीत, तरी ती बसायचं म्हणते, तर तिला काय दाखवावं?

मी पुण्यातल्या एका छोट्या फिल्म सोसायटीचं काम बावीस वर्षं करतोय. दर पावसाळ्यात आम्ही जुन्या भयपटांचे खेळ लावतो. समोर कॉलेजची मुलं असतात, निवृत्त मंडळी असतात, कधी अख्खं कुटुंब येतं. तुम्ही लिहिलंय ते मी दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकतो, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी गुंतल्या आहेत. एक, तुम्ही पाहिलेली प्रत. दोन, त्या सिनेमाकडे तुम्ही काय मागत होतात. 'नोस्फेराटू'च्या बाबतीत पहिली अडचण मोठी आहे, 'ड्रॅक्युला'च्या बाबतीत दुसरी.

'नोस्फेराटू'मधल्या ऑरलॉक या व्हॅम्पायरबद्दल, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताबद्दल, तुम्ही विचारलंय, "हा ऑरलॉक भर दुपारी शवपेटी उचलून गावातून फिरतो आणि शेवटी उन्हाने मरतो, हे कसं?" हे वाचल्यावर तुम्ही कोणती प्रत पाहिलीत ते मला कळलं. तो प्रसंग रात्रीचा आहे. त्या काळी रात्रीचा बाहेरचा प्रसंग खरोखर रात्री चित्रित करणं फार अवघड होतं. मग तो दिवसा चित्रित करायचा आणि प्रतीचा तेवढा तुकडा निळ्या रंगात बुडवून काढायचा, ही रीत होती. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड, गुलाबी म्हणजे पहाट. प्रेक्षकांना ही भाषा पाठ होती. पुढे स्वस्तातल्या प्रती निघाल्या त्या नुसत्या काळ्या-पांढऱ्या. रंग गेला आणि त्याबरोबर सिनेमातली रात्रच गेली. तुम्ही पाहिलात तो रात्र नसलेला 'नोस्फेराटू'.

त्यात वेगाचा घोळ वेगळाच. मूकपट बोलपटांपेक्षा संथ फिरवत, सेकंदाला साधारण अठरा-वीस चौकटी (फ्रेम). तीच फिल्म चोवीसच्या वेगाने पळवली की माणसं तुरुतुरु चालतात, आणि तुमचा मित्र हसतो. त्याचा काही दोष नाही. मीही सुरुवातीच्या वर्षांत अशीच एक प्रत दाखवली होती आणि सभागृह हसत होतं. नंतर 'नोस्फेराटू'चे दिग्दर्शक मुर्नाव यांच्या नावाने जर्मनीत चालणाऱ्या संस्थेने रंगांसकट आणि हान्स एर्डमान यांच्या मूळ संगीतासकट दुरुस्त केलेली प्रत मिळवून दाखवली. जिन्याच्या भिंतीवर त्या लांब बोटांची सावली चढते त्या ठिकाणी खुर्च्यांचा आवाजसुद्धा येईना. प्रेक्षकांमध्ये निम्मी माणसं तीच होती.

या सिनेमाची एक हकीकत चाहत्यांनी मनात ठेवावी अशी आहे. निर्मात्यांनी ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला' या १८९७च्या कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते, नुसती नावं बदलली होती. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली, आणि १९२५ साली जर्मन न्यायालयाने प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. काही प्रती तोवर इतर देशांत पोचल्या होत्या, म्हणून तो आज आपल्याला दिसतो. आणि व्हॅम्पायर उन्हाने मरतो हा नियम याच सिनेमाचा आहे. कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही वावरतो, फक्त तेव्हा त्याची शक्ती कमी असते. आज जगभर जो नियम सगळ्यांना पाठ आहे तो इथे जन्मला, आणि तुम्ही पाहिलेल्या प्रतीत नेमका तोच निरर्थक झाला होता. म्हणून हा पुन्हा पाहा, पण आत्ता लगेच नको. का ते पुढे सांगतो.

आता 'ड्रॅक्युला'. इथे प्रत बहुधा ठीक असणार, कंटाळा खरा आहे. मला हा सिनेमा मनापासून आवडतो, तरी स्पष्ट सांगतो: पहिली वीस मिनिटं विलक्षण आहेत, आणि लंडनला पोचल्यावर तो दिवाणखान्यातलं नाटक होतो. त्याचं कारणही तसंच आहे. तो कादंबरीपेक्षा रंगभूमीवरच्या नाटकाला जास्त धरून आहे, आणि त्यात ड्रॅक्युला झालेला बेला लुगोसी १९२७पासून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तीच भूमिका करत होता. शिवाय पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. श्रेयनामावलीवर 'स्वान लेक' या बॅलेच्या संगीताचा तुकडा आणि ऑपेराच्या प्रसंगात थोडं वाद्यसंगीत, संपलं. बोलपट नुकते आले होते, आणि पात्रांना ऐकू न येणारं संगीत मागे का वाजावं, असा प्रश्न तेव्हाच्या मंडळींना पडत असे. आपल्या कानांना मात्र संगीत आधी बोट धरून घाबरवतं, मग दृश्य येतं. त्यामुळे ही शांतता आपल्याला पोकळी वाटते. लॅपटॉपच्या स्पीकरवर तर ती केवळ खरखर होते. अंधाऱ्या खोलीत, बऱ्या स्पीकरवर ती शांतता निराळी लागते. लुगोसी जिन्यात थांबून लांडग्यांचं ओरडणं ऐकतो, त्याला ते संगीत वाटतं, आणि मागे दुसरा कसलाही आवाज नसतो.

भीतीबद्दल बोलायचं तर आपण मराठीत दचकणं आणि भिणं हे दोन वेगळे शब्द वापरतो. आजचे बहुतेक भयपट दचकवतात, आणि त्याची सवय झालेला माणूस जुना सिनेमा बघताना दचकण्याची वाट बघत बसतो. १९३१च्या सिनेमात ते जवळजवळ नसतंच. तिथे एखादी आकृती, एखादा चेहरा तुमच्यासमोर येतो आणि बराच वेळ राहतो, हलत नाही. त्या चेहऱ्याकडे बघणं हाच तो सिनेमा. हे एकदा डोळ्यांत बसलं की पुढचं सोपं जातं, आणि ते ज्या सिनेमाने बसतं तो माझ्या अनुभवात एकच आहे.

तो म्हणजे दिग्दर्शक जेम्स व्हेलचा १९३१चा 'फ्रँकेन्स्टाइन'. जेमतेम सत्तर मिनिटांचा. मी नव्या माणसाची सुरुवात कायम इथून करून देतो.

त्यात शास्त्रज्ञाने घडवलेला राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचा प्रवेश बघा. दार उघडतं, तो पाठमोरा आत येतो. सावकाश वळतो. मग कॅमेरा सरळ पुढे जात नाही, तीन तुकड्यांत झेप घेतो: आकृती, चेहरा, आणखी जवळून चेहरा. पापण्या जड, अर्ध्या मिटलेल्या. त्यांवर मेणाचा थर होता, आणि ती सूचना स्वतः कार्लॉफची, कारण त्याला स्वतःचे डोळे फार जागे, फार समजदार वाटत होते. रंगभूषाकार जॅक पिअर्स. रोज चार-चार तास बसून त्याने तो सपाट माथा घडवला. कार्लॉफने एका बाजूची दातांची कवळी काढून ठेवली, म्हणून तो गाल आत गेलेला दिसतो. हे सगळं माहीत असूनही तो चेहरा समोर आला की मी रंगभूषा विसरतो.

त्यानंतर लगेच येणारा प्रसंग तर माझ्या मते सगळ्या भयपटांमधला सर्वांत मोठा आहे. शास्त्रज्ञ छतावरची झडप उघडतो, आणि या नव्याने जन्मलेल्या जिवावर पहिल्यांदा उजेड पडतो. तो मान वर करतो, उभा राहतो आणि हात उंच करून उजेड पकडायला बघतो. झडप बंद होते. हात तसेच पसरलेले राहतात, रिकामे. त्याला संवाद नाही. आमच्या खेळांना सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं कुणीतरी हसत असतंच, कारण या चेहऱ्याची नक्कल आपण कार्टूनमध्ये आणि बिस्किटांच्या जाहिरातीत आधीच पाहिलेली असते. ते हसू या हातांपाशी थांबतं. बावीस वर्षांत थांबलं नाही असं मला आठवत नाही.

आणि तळ्याकाठची मुलगी. ती त्याला घाबरत नाही, फुलं देते. दोघं फुलं पाण्यात टाकतात, ती तरंगतात. फुलं संपतात. मग तो तिलाच उचलून पाण्यात टाकतो, कारण सुंदर गोष्टी तरंगतात एवढंच त्याला आत्ता कळलेलं आहे. हा भाग तेव्हा अनेक ठिकाणी कापला गेला, आणि कितीतरी दशकं लोकांनी पाहिलं ते असं: तो मुलीकडे हात नेतो, आणि पुढच्या दृश्यात बाप तिचं कलेवर हातांवर घेऊन गावातून चालत येतो. कात्री लावणाऱ्यांना प्रसंग सौम्य करायचा असणार, पण मधली जागा रिकामी राहिली आणि प्रेक्षकाच्या मनात तिथे याहून कितीतरी घाणेरडं काही आलं. एका अजाण जिवाची चूक होती ती विकृती झाली. १९८०च्या दशकात तो तुकडा परत जोडला गेला. तुमच्या प्रतीत मुलगी पाण्यात पडताना दिसत नसेल तर ती प्रत बाजूला ठेवा आणि दुसरी शोधा. इतकं मी प्रतीबद्दल का बोलतोय ते इथे लक्षात येईल.

पुढच्या शनिवारी लगेच 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन', १९३५, दिग्दर्शक तोच. एकाच रात्री दोन्ही पाहू नका, मध्ये आठवडा जाऊ दे. हा पहिल्याहून श्रीमंत सिनेमा आहे. फ्रांझ वॅक्समनचं पूर्ण पार्श्वसंगीत आहे, त्यामुळे पहिल्याची शांतता किती वेगळी होती हेही कानाला कळतं. आंधळ्या साधूच्या झोपडीतला भाग जपून बघा. ज्याला सगळे बघून पळतात त्याला पहिल्यांदा असा माणूस भेटतो ज्याला दिसतच नाही. तो त्याला भाकरी देतो, व्हायोलिन वाजवून दाखवतो, 'मित्र' हा शब्द शिकवतो. एल्सा लँचेस्टरची वधू पडद्यावर अगदी थोडा वेळ आहे, पण तिचे ते झटक्यासरशी वळणारे डोळे आणि फिस्कारणं विसरता येत नाही. ते फिस्कारणं तिने लंडनच्या बागेतल्या चिडक्या राजहंसांवरून उचललं होतं.

इथून पुढचा रस्ता तुमच्या आवडीवर अवलंबून आहे. सगळ्यांना एकच क्रम लागू पडत नाही.

कुणाला अंधारातलं, न दिसणारं जास्त भिडत असेल तर १९४२चा 'कॅट पीपल' घ्या. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जॅक टर्नर. पैसे इतके कमी की धड राक्षस दाखवणं परवडणार नव्हतं, आणि ल्यूटनला तो दाखवायचाही नव्हता. रात्री उद्यानाच्या भिंतीकडेने एक बाई चालली आहे, मागे दुसऱ्या बाईच्या टाचांचा आवाज. दिवा, अंधार, दिवा, अंधार. मग मागच्या टाचांचा आवाज थांबतो. ही थांबते, वळते, कुणीच नाही. आणि एकदम फुस्स करून पडद्यात घुसते ती बस, ब्रेकच्या आवाजासकट. आज तुम्ही ज्या दचकण्याची वाट बघत होतात त्याचा मूळपुरुष हा. सिनेमावाले अशा जागेला अजूनही 'बस' म्हणतात. फरक एवढाच, की इथे दचका एकदा येतो आणि त्याआधीची ती चाल दोन मिनिटं तुमचा श्वास धरून ठेवते. तुमच्या झोपलेल्या मित्राला हा दाखवा.

कुणाला प्रचंड आकाराचं काही बघायचं असेल तर १९३३चा 'किंग काँग' आणि १९५४चा मूळ जपानी 'गोजिरा' (म्हणजे 'गॉडझिला'), याच क्रमाने. काँग या महाकाय गोरिलाच्या अंगावरची लव सतत वळवळताना दिसेल. लहानशी पुतळी एका चौकटीसाठी एवढीशी हलवायची, छायाचित्र घ्यायचं, पुन्हा हलवायची. दर वेळी विलिस ओब्रायन आणि त्याच्या माणसांची बोटं त्या सशाच्या कातडीला लागत, आणि ती लव विस्कटे. काही जण याला दोष म्हणतात. मला तर पडद्यावर त्या माणसांचे हात चाललेले दिसतात आणि गहिवरून येतं.

'गोजिरा'बाबत प्रतीची गोष्ट पुन्हा आली. अमेरिकेत १९५६ साली तो कापून, रेमंड बर हा नट मध्ये वार्ताहर म्हणून घुसवून दाखवला गेला, आणि अनेक जण तोच मूळ समजतात. मूळ सिनेमा शोककथा आहे. १ मार्च १९५४ला बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली, आणि 'लकी ड्रॅगन' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर त्याची राख पडली. वर्ष संपायच्या आत, नोव्हेंबरमध्ये हा सिनेमा लागला, आणि तो सुरूच होतो समुद्रातल्या एका बोटीवर उसळलेल्या झगमगाटाने. ज्या प्रेक्षकांनी नऊ वर्षांपूर्वी टोकियो खरंच जळताना पाहिलं होतं ते तो बघत होते. इस्पितळातला, लहान मुलाजवळ किरणोत्सार मोजणारं यंत्र धरण्याचा प्रसंग अमेरिकी प्रतीच्या सुरात बसत नाही, जपानीत काळजाला घरं पाडतो. ती गर्जना ध्यान देऊन ऐका. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी डबल बासच्या तारांवर राळ लावलेला चामडी हातमोजा घासून ती काढली. कुठल्याही जनावराचा आवाज त्यात नाही, म्हणूनच ती इतकी परकी वाटते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. १९३२चा 'द ममी' पट्ट्या गुंडाळलेलं भूत बघायला जाल तर निराश व्हाल, ते दोनेक मिनिटं दिसतं. तो मुळात एक झुरणारी प्रेमकथा आहे, तशीच बघा. १९३३चा 'इनव्हिजिबल मॅन' मित्रांबरोबर बघायला सगळ्यांत मजेचा. १९४१चा 'वुल्फ मॅन' दाखवा, पण त्यात पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो हा नियम शोधू नका, तो पुढच्या भागात पक्का झाला.

क्रम विचारलाच आहे तर माझा सल्ला असा: आधी 'फ्रँकेन्स्टाइन', मग 'ब्राइड', मग 'कॅट पीपल', मग 'काँग' आणि 'गोजिरा'. या पाच शनिवारांनंतर 'नोस्फेराटू'कडे परत या, रंगांची प्रत घेऊन. तोवर तुमच्या डोळ्यांना थांबायची सवय झालेली असेल, आणि मूकपट त्या सवयीशिवाय पचत नाही. सातव्या शनिवारी लुगोसीचा 'ड्रॅक्युला' पुन्हा. जमलं तर त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याचं स्पॅनिश भावंड बघा. त्याच स्टुडिओत, त्याच सेटवर, दिवसा इंग्रजी तुकडी काम करी आणि रात्री स्पॅनिश. रात्रीची माणसं दिवसाचं चित्रण पाहून ठरवत की आपण याहून चांगलं कसं करू, आणि कॅमेऱ्याच्या हालचालीत त्यांनी ते केलंही. त्यांच्याकडे लुगोसी मात्र नव्हता. दोन्ही पाहिल्यावर तुमच्यात जे भांडण होईल ते मनसोक्त होऊ द्या. शेवटी १९५८चा ब्रिटिश 'ड्रॅक्युला', ख्रिस्तोफर ली आणि पीटर कुशिंगचा, रंगीत. लुगोसीच्या सिनेमात एकदाही सुळे दिसत नाहीत हे पाहून झालेलं असलं, की लीचे रक्ताळलेले सुळे रंगात पहिल्यांदा चमकतात तेव्हा १९५८च्या प्रेक्षकाला काय झालं असेल ते तुम्हालाही होईल.

पाहण्याच्या तयारीचं दोन ओळींत. लॅपटॉप टीव्हीला जोडा, खोलीत पूर्ण अंधार करा, पडद्यावर नळीच्या दिव्याचं प्रतिबिंब पडलं की काळा रंग मरतो. फोन दुसऱ्या खोलीत. आवाज बरा हवा. आणि सिनेमा सुरू होण्याआधी एकाने तीन मिनिटं बोलावं, सुरू झाल्यावर कुणीच नाही. हसू आलं तर दाबू नका, ते आपणहून थांबेल तिथे थांबू द्या.

राहिल्या तुमच्या आई. त्यांना 'कॅट पीपल'ला बसवू नका, 'नोस्फेराटू'लाही नको. त्यांना पहिल्याच शनिवारी, 'फ्रँकेन्स्टाइन'ला बसवा. भुताचे सिनेमे आवडत नाहीत म्हणणाऱ्या बायका आमच्याकडे नवऱ्याबरोबर किंवा मुलांबरोबर नाइलाजाने येतात, आणि हा सिनेमा संपल्यावर त्या राक्षसाची बाजू घेऊन सगळ्यात जास्त त्याच बोलतात. एकदा एक आजी पवनचक्की पेटते तेव्हा मोठ्याने म्हणाल्या, "अरे, त्याला कुणी समजावून तरी सांगा." तळ्याच्या प्रसंगाची मात्र आईंना आधी कल्पना द्या. लहान मूल आहे त्यात, आणि तो भाग त्यांना अचानक सामोरा येऊ नये.